सूज उतरते कशी?

पायात बाभळीचा काटा मोडला की थोड्याच वेळात ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकू लागते. दाहाची ही चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने सुमारे २००० वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवली आहेत. दाह हा मुळात रोग नव्हे, तो शरीराचा बचाव आहे.

इजा झालेल्या ऊतीतील मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात व तेथे रक्त अधिक येते. ही झाली लाली आणि उष्णता. वाहिन्यांतून द्रव पाझरतो, ती सूज. पेशीपटलातील ॲराकिडोनिक आम्लापासून प्रोस्टाग्लँडिने बनतात. ती मज्जातंतूंची टोके हळवी करतात, म्हणून ठणका वाढतो. पाठोपाठ न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येऊन जंतूंना गिळतात.

मात्र जंतू मारणारी त्यांची रसायने निरोगी ऊतींनाही इजा करतात. म्हणजे दाह सुरू होणे जितके आवश्यक, तितकेच तो वेळेवर थांबणेही. दाहक रेणू विरले की दाह आपोआप विझतो, अशी पूर्वी समजूत होती. १९८४ मध्ये चार्ल्स सेरहान आणि बेंग्ट सॅम्युएलसन यांनी लिपॉक्सिने शोधली आणि चित्र बदलले. गंमत अशी, की तीही ॲराकिडोनिक आम्लापासूनच बनतात! कच्चा माल तोच, विकरे वेगळी. लिपॉक्सिने नव्या न्यूट्रोफिलांना अटकाव करतात आणि मेलेल्या पेशी उचलून नेण्यास मॅक्रोफेज पेशींना उद्युक्त करतात. पुढे मत्स्यतेलातील ओमेगा-३ मेदाम्लांपासून बनणारी रिझॉल्व्हिनेही सापडली.

याशिवाय अधिवृक्क ग्रंथींचे कॉर्टिसॉल हे संप्रेरक दाहक रेणूंची निर्मितीच कमी करते. हा लगाम अपुरा पडला तर संधिवातासारख्या विकारात दाह वर्षानुवर्षे धुमसतो व सांधे झिजतात. स्टेरॉइड औषधे कॉर्टिसॉलचेच काम करतात. पण ती दीर्घकाळ घेतल्यास ग्रंथी स्वतःचे उत्पादन घटवतात. म्हणून ती मनाने सुरू करणे जितके अयोग्य, तितकेच एकाएकी बंद करणे धोक्याचे.

डास चावल्यावर उठलेली गांधी किती वेळात मावळते, याची नोंद विद्यार्थ्यांना ठेवायला सांगावी. तिचे मावळणे हेही शरीराचेच काम आहे, हे त्यातून सहज सांगता येईल.