चेतेच्या टोकाशी: बेडकाचे हृदय आणि यवतमाळची कपाशी

चेतेच्या, म्हणजे मज्जातंतूच्या, टोकापासून स्नायूपर्यंत निरोप कशाने पोहोचतो, हा युरोपातील प्रयोगशाळांत दीर्घकाळ गाजलेला वाद यवतमाळ जिल्ह्याला परका वाटला असता. परंतु २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात किमान वीस शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात भरती व्हावे लागले, तेव्हा अनेकांच्या शरीरात बिघडला होता तो हाच निरोप.

लुइगी गॅल्व्हानी यांनी १७९१ मध्ये बेडकाच्या पायावरील प्रयोग प्रसिद्ध करून चेतांचा विजेशी संबंध दाखवला, तर हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या चेतेतील आवेगाचा वेग सेकंदाला सुमारे २७ मीटर इतकाच भरतो, हे मोजून संवेदना तत्क्षणी पोहोचते ही समजूत मोडीत काढली. पुढे काहाल या शास्त्रज्ञांनी, मज्जासंस्थेला अखंड जाळे मानणाऱ्या गोल्जी यांचीच पेशी रंगवण्याची पद्धती वापरून, ती सुट्या पेशींची रचना आहे, असे त्यांच्याविरुद्ध मांडले, आणि १९०६ चे नोबेल पारितोषिक मात्र दोघांना विभागून मिळाले. पेशी सुट्या असतील, तर त्यांच्यामधली फट निरोप ओलांडतो कसा, हे कोडे उरलेच.

त्याची उकल ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये केली. हा प्रयोग त्यांना स्वप्नात सुचला, ही कथा आवडीने सांगितली जाते; पण खरे कौतुक त्याच्या साधेपणाचे आहे. बेडकाचे एक हृदय क्षारद्रावणात ठेवून त्याच्याकडे जाणारी व्हेगस चेता उद्दीपित केली असता ठोके मंदावले, आणि तेच द्रावण दुसऱ्या हृदयाला लावताच, त्याची चेता न छेडताही, तेही मंदावले. म्हणजे चेतेच्या टोकातून एखादे रसायन स्रवत असले पाहिजे. ते अॅसिटिलकोलिन होते, ज्याचे गुणधर्म हेन्री डेल यांनी १९१४ मध्येच तपासले होते; दोघांनाही १९३६ चे नोबेल मिळाले. काम संपताच या रसायनाचे विघटन करणारे विकर, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, कोलिनेस्टरेज होय.

या विकराला अडवणारी सेंद्रिय फॉस्फरस संयुगे कीटकनाशक म्हणून शोधत असतानाच गेरहार्ड श्राडर यांच्या हाती १९३६ मध्ये टाबून हा युद्धात वापरता येईल असा विषारी पदार्थ लागला. मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ही कपाशीवरची कीटकनाशके त्याच कुळातली. शेतकरी त्यांना 'औषध' म्हणतो, हे कुळ पाहता नवलच. २०१७ मध्ये पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, डोक्याइतकी उंच वाढली होती, त्यामुळे पंपाचा फवारा तोंडावर येई आणि घामाने भिजलेल्या कातडीतून विष अंगात मुरे. विकर बंद पडले की अॅसिटिलकोलिन साचत जाते: डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, दिसणे अंधुक होते, लाळ व घाम सुटतो, फुप्फुसांत स्राव भरतो, आणि सतत हुकूम मिळून थकलेले श्वसनाचे स्नायू अखेर लुळे पडतात.

या विषबाधेवर दिले जाणारे अॅट्रोपिन हे औषध पेशींवरील अॅसिटिलकोलिनची ग्राहकस्थाने अडवून स्राव आवरते. बांधावरच्या धोतऱ्यातही त्याच्याच जातीची द्रव्ये असतात, पण म्हणून धोतरा हा उपचार नव्हे. अॅट्रोपिनने स्नायूंचा लुळेपणा जात नाही, त्यासाठी विकराला मोकळे करणारे प्रॅलिडॉक्सिम वेळेत द्यावे लागते. यवतमाळमध्ये पेच याहून अवघड होता, कारण अनेकदा दोन-तीन कीटकनाशके एकत्र कालवून फवारली जात, आणि त्यांतले डायफेन्थियुरॉन चेतांच्या निरोपावर नव्हे, तर पेशींच्या ऊर्जानिर्मितीवर घाला घालते. त्यावर कोणताही विशिष्ट उतारा नाही.