विश्लेषण : दुर्बिणीतून मणक्याची शस्त्रक्रिया झाली, तरी पाय पुन्हा का दुखतो?

मुळशी तालुक्यात कंबर धरणारी माणसे दोन तऱ्हेची. कोळवण-ताम्हिणीकडच्या भातखाचरांत जुलैमध्ये दिवसभर वाकून लावणी करणारी आणि हिंजवडीच्या आयटी पार्कात दहा-दहा तास खुर्चीत बसणारी. मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली आणि औषध-व्यायामाने भागले नाही, की दोघांनाही शस्त्रक्रिया सुचवली जाते. आता ती बहुतेकदा छोट्या छेदातून होते. एक-दोन दिवसांत घरी. मात्र काहींच्या पायात काही महिन्यांनी पुन्हा कळ येते. एमआरआयच्या अहवालात ‘एपिड्युरल फायब्रोसिस’ असे शब्द दिसतात आणि घरात चर्चा सुरू होते, की ऑपरेशन फसले.

‘एपिड्युरल फायब्रोसिस’ म्हणजे काय?

गुडघा फुटला की खपली धरते आणि मागे व्रण राहतो. तसाच व्रण पाठीच्या आत, मज्जारज्जू व नसांच्या आवरणाभोवती तयार होतो. शस्त्रक्रियेत तिथे थोडे रक्त साचते, सूज येते, दोन-तीन आठवड्यांत चिवट तंतूंचे जाळे विणले जाते आणि पुढचे कित्येक महिने ते आवळत, बदलत राहते. ही शरीराची दुरुस्तीच आहे. ती कमी-अधिक प्रमाणात प्रत्येकाच्या पाठीत होते. अडचण येते ती हे तंतू नसेला चिकटले तर. पाय उचलताना किंवा वाकताना नस किंचित सरकावी लागते. चिकटलेली नस ताणली जाते.

छेद लहान, मग व्रणही लहान का नाही?

इथे जाहिरातींनी गोंधळ वाढवला आहे. छोट्या छेदामुळे पाठीचे स्नायू कमी सोलवटतात, रक्त कमी जाते, माणूस लवकर उठतो. हे फायदे खरे आहेत. पण नसेपर्यंत पोहोचल्यावर तिथले थोडे हाड आणि पिवळा अस्थिबंध काढावाच लागतो, आणि नसेभोवतीचा व्रण तिथेच धरतो. नेदरलँड्समध्ये ३२८ रुग्णांवर झालेल्या आणि २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नळीतून केलेली शस्त्रक्रिया नेहमीच्या सूक्ष्मदर्शक शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरली नाही. त्यामुळे छेद किती सेंटीमीटरचा, यापेक्षा शल्यविशारदाने नस किती हळुवार हाताळली आणि रक्तस्राव किती नीट थांबवला, हे अधिक मोलाचे.

व्रण धरू नये म्हणून काही औषध नाही का?

प्रयत्न पुष्कळ झाले. व्रणाचे तंतू पाठीच्या स्नायूंकडून आत उतरतात, हे १९७४मध्ये लारोका आणि मॅकनॅब यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून मांडले. मग मध्ये आडोसा ठेवण्याची कल्पना आली. रुग्णाच्याच चरबीचा तुकडा ठेवून पाहिला. क्वचित तोच सरकून नस दाबू लागला. ‘ॲडकॉन-एल’ नावाच्या जेलला अमेरिकेत १९९८मध्ये परवानगी मिळाली, पण २००१मध्ये ते बाजारातून मागे घ्यावे लागले. आजही निरनिराळी जेल व पडदे उपलब्ध आहेत, मात्र त्याने दुखणे हमखास टळते असे म्हणता येत नाही. बिलात अशी वस्तू दिसली तर ती कशासाठी, हे विचारण्यात संकोच नको.

मग रुग्णाच्या हातात काय उरते?

चालणे. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठून थोडे-थोडे, दिवसातून अनेकदा. ‘मणक्याचे ऑपरेशन आहे, महिनाभर पलंगावरून उठू नको’ असे सांगणारे नातेवाईक मायेने सांगतात, पण पडून राहिल्याने स्नायू मऊ पडतात आणि हालचालीची भीती मुरते. अमेरिकेत १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५२ रुग्णांना बंधने न घालता लवकर कामाला लागायला सांगितले. ते सरासरी सव्वा आठवड्यात कामावर परतले. अर्थात ते काम म्हणजे चिखलणी नव्हे. वाकून लावणी, पोती उचलणे, खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी या गोष्टी डॉक्टरांना नाव घेऊन विचारा. ‘जड काम करू नका’ या वाक्यातले जड म्हणजे किती, हे शेतकऱ्याला आणि डॉक्टरला वेगवेगळे वाटते. शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर लावणीचा हंगाम पाहून तारीख ठरवण्यातही गैर काही नाही.

नस मोकळी करण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. ते करावेत, पण चमत्काराची अपेक्षा नको : ८१ रुग्णांवरच्या २००१च्या चाचणीत नेहमीच्या व्यायामाला त्यांची जोड देऊन वेगळा लाभ दिसला नाही. तंबाखू मात्र सोडावीच. सिगारेट आठवते, मिश्री कोणी मोजत नाही. निकोटीन दोन्हींत आहे आणि त्याने जखमेचा रक्तपुरवठा घटतो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. टाके भरण्याआधी शेक नको, आणि मालीश करणाऱ्याकडून पाठ ‘बसवून’ घेणे तर नकोच.

अहवालात व्रण दिसला, तर पुन्हा ऑपरेशन?

घाई नको. व्रण दिसतो पण दुखत नाही, असे अनेक जण असतात. व्रण आणि वेदना यांचा संबंध किती, यावर तज्ज्ञांतही एकमत नाही. आधी पाहायचे ते हे, की गादी पुन्हा सरकली आहे का. त्यासाठी शिरेतून गॅडोलिनियम देऊन एमआरआय काढतात : व्रणात रक्तवाहिन्या असल्याने तो लगेच उजळतो, गादीचा तुकडा उजळत नाही. गादी असेल तर पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो. नुसता व्रण खरवडायला आत गेले, तर नवी जखम आणि नवा व्रण. म्हणून तिथे औषधे, व्यायाम, गरजेनुसार इंजेक्शन हाच मार्ग आधी.

काही लक्षणांत मात्र थांबू नये. लघवी अडणे किंवा न कळत होणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, पाऊल लुळे पडणे, ताप येऊन जखमेतून पाणी किंवा पू येणे. ताम्हिणीच्या पट्ट्यातून पुण्यातले मोठे रुग्णालय गाठायला वेळ लागतो, त्यामुळे सकाळची वाट न पाहता रात्रीच १०८ला फोन करावा आणि शस्त्रक्रियेची कागदपत्रे सोबत घ्यावीत.