एका प्रश्नाभोवती अनेक शास्त्रे



आपल्यापैकी पुष्कळांची नातवंडे आज विद्यापीठात शिकत आहेत. पूर्वी "बाळ, तू काय शिकतोस?" असे विचारले की एका शब्दात उत्तर मिळे : रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान, वैद्यकी. आता उत्तर येते, "सबा, थोडे जीवशास्त्र, थोडे गणित आणि बरेचसे कॉम्प्युटर." ऐकणाऱ्याला वाटते, पोराचे धड एकाही विषयात लक्ष नाही. तसे मुळीच नाही. विज्ञानाचे काम करण्याची पद्धतच बदलली आहे.

विद्यापीठात प्रत्येक विषयाचा विभाग वेगळा असतो, इमारतही वेगळी असते. पण प्रश्न काही इमारत पाहून येत नाहीत. म्हणून आता पुष्कळ ठिकाणी एका प्रश्नाभोवती निरनिराळ्या विभागांतील माणसे एकत्र बसवतात. अशा गटाला संशोधन-समूह म्हणता येईल. तेल अवीव विद्यापीठात कॉम्प्युटर आणि जीवशास्त्र यांना जोडणारे बायोइन्फर्मॅटिक्सचे केंद्र आहे, ते याच विचाराचे. अशा एकत्र कामाचे उदाहरण शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही, कारण एक अभ्यास आपल्याच समाजावर झालेला आहे.

आपण कोठून आलो? नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले गलबत आणि त्यातून वाचलेली सात जोडपी, ही हकीकत आपण आजी-आजोबांच्या तोंडून ऐकली. कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत, हेही ठाऊक आहे. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपला इतिहास लिहून काढला आणि तो १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेला. पण अठराव्या शतकाच्या मागे गेलो की आपल्याबद्दलचा लेखी पुरावा जवळजवळ संपतो. शिलालेख नाही, वंशावळी नाहीत. इतिहासकार तेथे थांबतो.

मार्च २०१६ मध्ये या प्रश्नावर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात तेल अवीव विद्यापीठाचे डॉ. येदाएल वाल्डमन आणि प्रा. एरान हाल्पेरीन, अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे प्रा. अलोन केनान आणि इतर संस्थांतील वैद्यकीय आनुवंशशास्त्रज्ञ होते. त्यांनी १८ बेने इस्राएल व्यक्तींचा डीएनए घेतला आणि ४१ इतर यहुदी, भारतीय व पाकिस्तानी समाजांतील ४८६ व्यक्तींशी त्याची तुलना केली. प्रत्येक माणसाच्या डीएनएमधील लाखो जागा वाचायच्या आणि शेकडो माणसांशी ताडून पाहायच्या, हे काम हाताने होणारे नाही. डॉक्टर आणि जीवशास्त्रज्ञ नमुने घेतात आणि वाचतात, गणिती हिशेबाची रीत बसवतात, कॉम्प्युटरवाले ती चालवतात, आणि मिळालेल्या आकड्यांना अर्थ द्यायला पुन्हा इतिहास लागतो. यातला एकही वजा केला तर अभ्यास उभा राहत नाही.

हा हिशेब कसा करतात ते आपल्या गोधडीवरून समजेल. समजा, एक हिरवे आणि एक निळे लुगडे जोडून गोधडी शिवली. पुढच्या पिढीत ती कापून तुकड्यांची जागा बदलून पुन्हा शिवली. त्या पुढच्या पिढीतही तसेच. दर पिढीला रंगांचे पट्टे आखूड होत जातात. आईबापांकडून मुलाकडे डीएनए जाताना असेच घडते. म्हणून आजच्या माणसातील पट्ट्यांची लांबी मोजली, तर दोन लुगडी किती पिढ्यांपूर्वी जोडली गेली याचा अंदाज करता येतो.

उत्तर असे आले : बेने इस्राएलांच्या पूर्वजांत मध्यपूर्वेतील यहुदीही आहेत आणि भारतातील स्थानिक लोकही आहेत, आणि दोन्हींचा वाटा मोठा आहे. ही जोडणी १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाली. एक पिढी २५ ते ३० वर्षांची धरली, तर साधारण ५०० ते १००० वर्षांपूर्वी. यहुदी वाटा पुरुषांकडून अधिक आणि स्थानिक वाटा स्त्रियांकडून अधिक आला. त्यानंतर समाजाची संख्या फार लहान होती आणि लग्ने आपसांतच होत राहिली.

हे वाचून काहीजण चपापतील. मग नवगावची हकीकत खोटी का? येथेच एका शास्त्राने दुसऱ्याचा हात धरावा लागतो. एखादे कुटुंब आज गावात येऊन राहिले आणि गावात सोयरीक पुष्कळ पिढ्यांनी झाली, तर गोधडी सोयरिकीचा काळ सांगते, गावात आल्याचा नाही. सोयरिकी अनेक शतके होत राहिल्या असतील, तर एकच तारीख काढणे कठीण असते. गलबत कोणते, बंदर कोणते, हे डीएनए सांगत नाही. आणि १८ माणसे म्हणजे सगळा समाज नव्हे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. १९६२ पासून या देशात आपल्या लग्नांच्या वेळी आपल्या यहुदीपणावर शंका घेतली गेली. आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि १९६४ मध्ये आपण सर्व बाबतींत यहुदीच आहोत हे मान्य झाले. त्या वेळी कोणाच्या रक्ताची तपासणी झाली नव्हती. शब्बाथ, सुंता आणि शेमा यांनी आपण टिकलो. अभ्यास अनुकूल वाटला म्हणून आपण अधिक यहुदी होत नाही, आणि स्थानिक आज्यांचा उल्लेख आला म्हणून कमीही होत नाही. पूर्वज कोण होते हा विज्ञानाचा प्रश्न आहे. यहुदी कोण, हा नाही.

मग या अभ्यासाचा आपल्या घराला उपयोग काय? उपयोग शेवटच्या निष्कर्षात आहे. संख्या लहान आणि लग्ने आपसांत, असे अनेक पिढ्या चालले की काही सुप्त दोष समाजात वाढू शकतात. असा दोष आई किंवा बाप एकाकडूनच आला तर मूल निरोगी राहते; दोघांकडून आला तर आजार होतो. म्हणजे दोन धडधाकट माणसांच्या पोटीही आजारी मूल जन्मू शकते, आणि त्यात कोणाचा दोष नसतो. अश्केनाझी समाजात टे-सॅक्स या आजाराची चाचणी लग्नाआधी किंवा गरोदरपणाआधी होऊ लागली आणि तशी मुले जन्मणे फार कमी झाले. तेव्हा आपल्या ज्या तरुण जोडप्यांचे दोन्हीकडचे घर बेने इस्राएल आहे, त्यांनी कुपत होलीममध्ये डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे आणि आनुवंशिक चाचणीबद्दल विचारावे. संकोच करू नये. हे आपल्या मुलांसाठी आहे.

आणि आपण वडीलधाऱ्यांनी काय करावे? प्रयोगशाळेतल्या माणसाकडे आकडे आहेत. पण कोणत्या गावावरून कोणते आडनाव पडले, कोणाची सोयरीक कोणत्या घराशी होती, कोणत्या गावच्या कबरस्तानात कोणाचे पूर्वज आहेत, हे आपल्याच आठवणीत आहे. ते मागे राहिले नाही तर आकड्यांना अर्थ देणारे कोणी उरणार नाही. एक वही घ्या, नातवाला शेजारी बसवा आणि लिहून ठेवा. तो म्हणेल, "सबा, हा तर माझाच विषय आहे."