सचिवपदाचे शोधन: भोर-वेल्ह्यातील एक मागोवा

लिहिलेला मजकूर तपासून निर्दोष करणे हे मराठी मुलखात छापखान्याच्या पुष्कळ आधी एका राजपदाचे काम होते आणि त्या पदाचे नाव भोरच्या संस्थानिकांनी १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत आपल्या नावासोबत वागवले. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर 'सुरनीस' या फारसी नावाच्या अधिकाऱ्यास 'सचिव' म्हटले जाऊ लागले आणि हे पद अण्णाजी दत्तो यांच्याकडे होते. राजपत्रांचा शोध घ्यावा, म्हणजे ती बारकाईने वाचून त्यांतील अधिक-उणे अक्षर व मजकूर शुद्ध करावा, असे त्यांचे कर्तव्य प्रधानांची कामे ठरवणाऱ्या कानुजाबत्यात नोंदले आहे. अक्षरासोबत मजकूरही सचिवाच्या जबाबदारीत होता, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, कारण मोडीत शब्द सलग लिहिले जात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे आणि वतनपत्रातील एखादा आकडा चुकला तर पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क वादात पडे.

या दक्षतेतून दप्तराची परिभाषा घडली. पहिले लेखन तो मसुदा, ताडून पाहिलेले ते रुजू. मजकूर जेथे संपे तेथेच उमटवलेली समाप्तिमुद्रा म्हणजे मोर्तब, जिच्यामुळे पत्राच्या शेवटी नंतर काही घुसवता येत नसे. पोथ्यांच्या जगात चुकलेल्या अक्षरावर हरताळ हे पिवळे खनिजद्रव्य फासत.

राजाराम महाराजांच्या काळात सचिवपद शंकराजी नारायण यांच्याकडे आले व पुढे त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेने राहिले. रोहिडा म्हणजे विचित्रगड आणि तोरणा म्हणजे प्रचंडगड यांच्या नावाचे तालुके या घराण्याच्या भोर संस्थानात होते, त्यांतील तोरण्याचा परिसर म्हणजे आजचा वेल्हे (राजगड) तालुका. पद वंशपरंपरागत झाल्यावर मात्र मुलूख सांभाळणे हेच मुख्य झाले आणि अक्षर तपासण्याचे मूळ काम मागे पडले.

छपाईच्या युगात 'मुद्रितशोधन' रूढ झाले आणि मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी शुद्धलेखनाला चौकट मिळाली. परंतु शोधनाचा अर्थ काना, मात्रा व वेलांटी यांपुरता आक्रसला. सचिवाच्या कर्तव्यातील मजकुराची सत्यता तपासण्याचा भाग संपादकाने पुन्हा आपला मानला पाहिजे आणि त्यासाठी मराठी संपादनाच्या अभ्यासाचा आरंभ मुद्रणालयाऐवजी दप्तरापासून झाला पाहिजे.