रक्त बनते, पण टिकत नाही

मुळशी तालुक्यात भाताच्या आवणीच्या दिवसांत एखाद्या मजुराचा चेहरा फिकट दिसला, की ‘रक्त कमी आहे’ असे म्हणून लोहाच्या गोळ्या सुचविल्या जातात. लोहाची उणीव हे पांडुरोगाचे सर्वसामान्य कारण असल्याने हा सल्ला बहुधा योग्यच ठरतो. तथापि पांडुरोगाचा आणखी एक प्रकार असा आहे, की त्यात रक्त बनते, पण टिकत नाही.

निरोगी शरीरात तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. त्याआधीच पेशी फुटू लागल्या आणि अस्थिमज्जेला ती तूट भरून काढता आली नाही, म्हणजे रक्तविघटनजन्य पांडुरोग होतो. फिकटपणाबरोबरच डोळे पिवळे होणे, लघवी काळपट होणे, पाणथरी वाढणे ही त्याची लक्षणे होत.

हा रोग आनुवंशिक असू शकतो. त्यात पेशीच्या घडणीतच दोष असतो. सिकलसेल व थॅलेसेमिया ही त्याची उदाहरणे. महाराष्ट्रात नंदुरबारमधील भिल्ल व पावरा आणि गडचिरोलीतील गोंड व माडिया समाजांत सिकलसेलचे प्रमाण विशेष आहे. वाहक व्यक्ती सहसा निरोगीच दिसते. परंतु आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणूनच विवाहापूर्वीच्या रक्ततपासणीस महत्त्व आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने २०४७ पर्यंत सिकलसेलच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे.

दुसरा प्रकार अर्जित होय. येथे मूळच्या निर्दोष पेशी हिवतापाच्या जंतूंमुळे, न जुळणारे रक्त दिल्यामुळे, काही औषधांमुळे किंवा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्यामुळे नष्ट होतात.

काही वेळा आनुवंशिक दोष आणि बाह्य कारण एकत्र येतात. ‘जी-६-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असलेला मनुष्य एरवी धडधाकट असतो. मात्र हिवतापावरील प्रायमाक्विन घेतल्यावर त्याच्या रक्तपेशी झपाट्याने फुटू शकतात. औषध सुरू असताना लघवी काळपट झाल्यास ते थांबवून त्वरित प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. केवळ भीतीपोटी मात्र कोणीही उपचार टाळू नयेत.

कातकरी कुटुंबे हंगामी कामासाठी गाव सोडतात. त्यांच्या तपासणीची नोंद त्यांच्या हाती असली, तर परगावच्या डॉक्टरासही ती उपयोगी पडते. शिक्षक व पंचायत सदस्यांनी एवढी दक्षता घेतली, तरी अनेकांचे प्राण वाचू शकतील.