आकाशांतील मुके उतारू

विमानविद्येच्या इतिहासांत वैमानिकांचीं नांवें आदरानें घेतलीं जातात. परंतु त्यांच्याही आधीं आकाशांत गेलेल्या मुक्या जनावरांची आठवण क्वचितच होते. त्यांतील कांहीं तर शेतकऱ्याच्या गोठ्याखुराड्यांतलींच होतीं. सबब तो वृत्तांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

ता. १९ सप्टेंबर १७८३ रोजीं फ्रान्सांतील व्हर्साय येथें माँगोल्फिए बंधूंच्या उष्ण हवेच्या फुग्यास पिंजरा बांधून त्यांत एक मेंढी, एक बदक व एक कोंबडा यांस वर सोडण्यांत आलें. उंचावरील हवेंत जीव तगतो कीं नाहीं, हेंच तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें. सुमारें आठ मिनिटांनीं फुगा कोसभर अंतरावर उतरला. तिघेंही जिवंत होतीं. कोंबड्याचा पंख मात्र दुखावलेला दिसला. आकाशाचाच हा दोष असावा अशी शंका निघाली. पण उड्डाणापूर्वींच मेंढीनें त्यास लाथ मारल्याचें साक्षीदारांनीं सांगितलें!

अमेरिकेंत ता. १८ फेब्रुवारी १९३० रोजीं एल्म फार्म ओली नांवाची गर्नसी गाय बिस्मार्क गांवाहून सेंट लुईस शहरापर्यंत ७२ मैल विमानानें गेली. वाटेंत तिची धार काढून तें दूध कागदी डब्यांतून लहान छत्र्यांनीं खालीं सोडण्यांत आलें.

आपल्या देशांतही असा प्रयोग झाला आहे. कलकत्त्याचे स्टीफन स्मिथ हे १९३४ पासून अग्निबाणानें टपाल पाठविण्याची खटपट करीत होते. ता. २९ जून १९३५ रोजीं त्यांनीं एक कोंबडा व एक कोंबडी अग्निबाणांत घालून दामोदर नदीपार धाडलीं. दोन्ही पांखरें सुखरूप उतरलीं.

या हकीकतींत आम्हांस व्हर्सायचा कोंबडा विशेष बोधप्रद वाटतो. आकाशानें त्यास कांहीं केलें नाहीं. इजा झाली ती सोबतीमुळें. आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील शेतकरी आतां बाजारास जनावरें टेंपोंतून नेतात. तेथें मारका बैल व वासरूं एकत्र दाटूं नयेत. तळाशीं तणस अंथरावें. चढउतारासाठीं उतरती फळी लावावी. निघण्यापूर्वीं पाणी पाजावें. मुकें जनावर तक्रार करीत नाहीं. वाटेंत त्यास काय सोसावें लागलें, हें बाजारांत तें लंगडूं लागलें व गिऱ्हाइकानें भाव पाडला म्हणजेच धन्यास कळतें.