परदेशी नांवांचे घोडे आणि लोकांनीं ठेवलेलीं नांवें

मुरबाड तालुक्यांतून सह्याद्रीकडे पाहिलें म्हणजे सिद्धगडाचा उंच माथा सहज नजरेंत भरतो. त्या गडाच्या बालेकिल्ल्यावर घोडा नेण्याची गोष्ट कोणी काढली, तर गांवकरी त्यास हंसल्याशिवाय राहणार नाहींत. कारण ती वाट चढतांना माणसालाच हातांचा आधार घ्यावा लागतो. तरीही प्रस्तुत लेख घोड्यांविषयीं आहे, आणि त्याचा आरंभ सिद्धगडापासून करण्यास कारण आहे. गडाच्या उत्तरेस नाणेघाट आहे, पाठीशीं भीमाशंकर आहे, आणि पश्चिमेस माथेरानचा डोंगर आहे. या तिन्ही स्थळांचा घोड्यांशीं आणि त्यांच्या नांवांशीं निरनिराळ्या प्रकारें संबंध येतो. घोड्याला बहुधा दोन नांवें असतात: एक धन्यानें किंवा व्यापाऱ्यानें दिलेलें, आणि दुसरें लोकांनीं ठेवलेलें. या दोहोंपैकीं टिकतें कोणतें, आणि कां, याचा आपण विचार करूं.

प्रथम हे घोडे आले कोठून, तें पाहूं. नाणेघाट ही कोंकणांतून जुन्नरकडे जाणारी फार पुरातन वाट. घाटाच्या माथ्यावरील लेण्यांत सातवाहन राजकुलाचा ब्राह्मी लिपींतील शिलालेख आहे. त्यांत अश्वमेध यज्ञाचा उल्लेख असून दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती व घोडे यांचीही नोंद आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीं आपल्या या डोंगरांत घोडा हें मोठ्या मोलाचें दान समजलें जात असे. पुढें तेराव्या शतकाच्या अखेरीस आलेला व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो यानें ठाण्याच्या राज्याविषयीं एक चमत्कारिक हकीकत लिहून ठेविली आहे. या राजाजवळ घोडे नव्हते. म्हणून त्यानें समुद्रावरील चांच्यांशीं करार केला होता कीं, लुटींत जे घोडे सांपडतील ते राजाचे, आणि बाकीचा सर्व माल चांच्यांचा! हिंदुस्थानाकडे येणाऱ्या प्रत्येक गलबतांत घोडे असतच, असेंही तो म्हणतो. राजानें चोरांशीं भागी करावी ही गोष्ट कांहीं भूषणावह नव्हे. परंतु समुद्रापलीकडील घोड्याची आपल्या देशास केवढी गरज होती, हें तीवरून स्पष्ट दिसतें.

घोडा परदेशांतून आला म्हणजे त्याच्याबरोबर त्याच्या देशाचें नांवही येई. अमरकोशांत वनायु, पारसीक, कांबोज आणि बाह्लीक या देशांवरून घोड्यांचीं नांवें दिलीं आहेत. सिंधु देशचा घोडा तो सैंधव. पण सिंधु देशाहून मीठही येई, आणि त्यालाही सैंधवच म्हणत! यावरून जुने शास्त्री शिष्यांस एक गमतीचें उदाहरण देत: जेवावयास बसलेल्या धन्यानें ‘सैंधव आण’ म्हटलें तर मीठ आणावें, आणि प्रवासास निघालेल्यानें म्हटलें तर घोडा आणावा. शब्दाचा अर्थ प्रसंगावरून ओळखावा, हें त्यांतील तात्पर्य. पुढें अरबस्तानांतून येणाऱ्या घोड्यास ‘ताजी’ हें नांव मिळालें. फारसी भाषेंत ताजी म्हणजे अरबी. इंग्रजी अमदानींत ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स या प्रांतांतून लष्करासाठीं घोडे येऊं लागले, तेव्हां त्यांना ‘वेलर’ म्हणूं लागले. प्रांताचें तीन शब्दांचें लांबलचक नांव घोड्याच्या पाठीवर बसतां बसतां दोन-तीन अक्षरांचें झालें.

देशांच्या नांवांनंतर रंगांचीं नांवें आलीं. बाराव्या शतकांत गुजराथेंत हेमचंद्र नांवाचे थोर जैन पंडित होऊन गेले. त्यांच्या ‘अभिधानचिंतामणि’ नामक संस्कृत कोशांत घोड्यांच्या रंगांचीं कोकाह, खोंगाह, सेराह अशीं विलक्षण नांवें आढळतात. कानाला हीं संस्कृत वाटत नाहींत, आणि तीं घोड्यांच्या परदेशी व्यापाऱ्यांबरोबर आलीं असावींत, असें विद्वानांचें मत आहे. हेमचंद्रांनीं त्यांची संस्कृत व्युत्पत्ति दिली खरी. खोंगाह म्हणजे ‘ख’ अर्थात् आकाश, त्यांत जो बुडी मारतो तो, अशी ती आहे. पण हे शब्द बहुधा देशी आहेत आणि व्युत्पत्ति केवळ अक्षरांचा क्रम निश्चित करण्यासाठीं आहे, हेंही त्यांनीं मोकळ्या मनानें नमूद केलें. एवढ्या मोठ्या पंडितानें बाजारांतील शब्द कोशांत घ्यावा, आणि त्याला परका म्हणून दाराबाहेर उभा करूं नये, ही गोष्ट आपण लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

मराठी पागेंतही हाच प्रकार झाला. पांढरा व दुसरा असे दोन रंग अंगावर असलेला तो अबलख, काळसर तांबडा तो कुमैत, कस्तुरीसारखा काळा तो मुश्की, रुप्यासारखा पांढरा तो नुकरा. हे सर्व शब्द अरबी-फारसी. फार काय, लगाम, जीन, रिकीब, नाल, तोबरा हे घोड्याच्या सरंजामाचे शब्दही तिकडूनच आले. त्यांच्या शेजारीं आपलींही नांवें सुखानें नांदत राहिलीं. चारी पाय व कपाळ पांढरें असलेला तो पंचकल्याण. सर्वांग पांढरें आणि कान मात्र काळे असा तो श्यामकर्ण. नंदुरबार जिल्ह्यांत तापीकांठीं सारंगखेडें येथें दत्तजयंतीच्या यात्रेंत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथें आजही अबलख, नुकरा आणि पंचकल्याण हीं नांवें एकाच गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकूं येतात. यांतील परकें कोणतें आणि आपलें कोणतें, हा प्रश्न त्याच्या मनासही शिवत नाहीं. त्याची नजर असते ती घोड्याच्या अंगावर.

याहूनही चांगलें उदाहरण सिद्धगडाच्या पाठीशींच आहे. भीमाशंकरास उगम पावणारी भीमा नदी पूर्वेकडे वाहत जाते. तिच्या कांठच्या प्रदेशास भीमथडी म्हणतात. तेथील काटक तट्टें मराठ्यांच्या फौजेंत प्रसिद्ध होतीं. अरबी व तुर्की घोडे आणि देशी तट्टें यांच्या मिश्रणांतून ही जात तयार झाली, असें सांगतात. परंतु लोकांनीं तिला अरबस्तानाचें किंवा तुर्कस्तानाचें नांव दिलें नाहीं. ज्या नदीचें पाणी ती प्याली आणि जिच्या कांठचा चारा तिनें खाल्ला, त्या नदीच्या नांवानें तिला ‘भीमथडी’ म्हटलें. पूर्वज कोठले, यापेक्षां पोसली कोणी, हें लोकांनीं अधिक महत्त्वाचें मानलें.

आतां साहेबांच्या घोड्यांकडे वळूं. शर्यतीच्या इंग्रजी घोड्यांचा मोठा दिमाख असतो. पण त्यांच्या कुळाचे जे तीन मूळपुरुष मानले जातात, ते स्वतः पूर्वेकडील होते: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. नांवाचा पहिला भाग धन्याचा, दुसरा घोड्याच्या देशाचा. म्हणजे मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर, जेथें १८८३ सालापासून शर्यती होत आल्या, तेथें इंग्रजी नांव मिरविणारा घोडाही मुळांत अरबी-तुर्की वंशाचाच! या घोड्यांच्या नांवास नियम असतो: मधल्या रिकाम्या जागा धरून रोमन लिपींतील अठराहून अधिक अक्षरें त्यांत नसावींत.

अशीं नांवें कशीं पडतात, याच्या दोन गोष्टी मनोरंजक आहेत. १७६४ सालीं सूर्यग्रहणाच्या दिवशीं इंग्लंडांत एक शिंगरूं जन्मलें, म्हणून त्याचें नांव ‘एक्लिप्स’ म्हणजे ग्रहण ठेविलें. आपल्याकडे ग्रहण अशुभ मानणारे लोक अशा घोड्याला दारांतही उभें करते ना; पण हा घोडा एकही शर्यत हरला नाहीं! त्याच्याच एका मुलाचें नांव ‘पोटॅटोज्’, म्हणजे बटाटे, असें ठेवावयाचें होतें. तें दाण्याच्या पेटीवर लिहिण्यास तबेल्यांतील पोऱ्याला सांगितलें. बिचाऱ्याला शुद्धलेखन कोठून येणार? त्यानें ‘पॉट’ लिहून पुढें ‘ओ’ हें अक्षर आठ वेळां काढलें, आणि ‘पॉट-एट-ओज्’ म्हणजे पॉट व आठ ओ, असा हिशेब जुळविला. धन्याला तें इतकें आवडलें कीं, तेंच नांव कायम झालें, अशी आख्यायिका आहे. आठ ‘ओ’ असलेलें तें नांव शर्यतीच्या इतिहासांत खरोखरच नमूद आहे. धन्याच्या विद्वत्तेवर पोऱ्याच्या चुकीनें मात केली ती अशी.

परंतु प्रत्येक मोठें नांव लोकांपर्यंत पोंचतेंच असें नाहीं. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं आजच्या जालना जिल्ह्यांतील असई या गांवीं मराठे व इंग्रज यांची घनघोर लढाई झाली. इंग्रज सेनापति आर्थर वेलस्ली, जो पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्याच्याजवळ ‘डायोमीड’ नांवाचा करडा अरबी घोडा होता. घोडा अरबी, नांव ग्रीक वीराचें, धनी इंग्रज, आणि रणभूमि मराठी! त्या लढाईंत घोड्यास भाल्याची जखम झाली. भाला मारणारास ग्रीक पुराणांतील डायोमीड ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. त्याला दिसला तो एक करडा घोडा.

लोकांना जें दिसतें त्यावरूनच तें नांव ठेवतात, याचा सर्वांत ठळक दाखला मुंबईस आहे. इंग्लंडचा राजपुत्र, जो पुढें सातवा एडवर्ड या नांवानें बादशहा झाला, तो १८७५–७६ सालीं हिंदुस्थानांत येऊन गेला. त्या भेटीचें स्मारक म्हणून बगदादच्या ज्यू घराण्यांतील श्रीमंत व्यापारी सर आल्बर्ट ससून यांनीं राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा शहरास अर्पण केला. शिल्पकार जोसेफ बोहम. पुतळा उभा राहिला तें साल १८७९. खर्च राजपुत्राच्या गौरवासाठीं झाला, समारंभ राजपुत्राच्या नांवानें झाला. पण रस्त्यानें जाणाऱ्या हमालानें, कारकुनानें, शाळकरी मुलानें वर पाहिलें, तेव्हां त्यांच्या डोळ्यांत भरला तो काळा घोडा. झालें! पुतळा ‘काळा घोडा’, चौक ‘काळा घोडा’, आणि सभोंवारचा भागही ‘काळा घोडा’. राजपुत्र जन्मभर त्या घोड्यावर बसून राहिला, पण लोकांच्या तोंडांत त्याला जागा मिळाली नाहीं.

१९६५ सालीं तो पुतळा तेथून हलविण्यांत आला, आणि पुढें तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानांत राहिला. त्यानंतर बावन्न वर्षें त्या जागीं घोडा नव्हता. तरीही लोक ‘काळ्या घोड्याजवळ भेटूं’ असेंच म्हणत राहिले. शेवटीं २०१७ सालीं तेथें पुन्हां एक काळा घोडा उभारण्यांत आला, आणि या वेळीं त्याच्या पाठीवर स्वार बसविलाच नाहीं. लोकांनीं शंभर वर्षांपूर्वीं दिलेला निकाल नव्या पुतळ्यानें मान्य केला, असेंच म्हणावें लागेल.

विद्यार्थिमित्रहो, पवित्र शास्त्राच्या आरंभीं अशी कथा आहे कीं, देवानें सर्व प्राणी आदामापुढें आणिले आणि त्यांस नांवें ठेवण्याचें काम त्याच्यावर सोंपविलें. नांव ठेवण्यापूर्वीं त्याला प्रत्येक प्राण्याकडे नीट पाहावें लागलें असेल. मराठींत ‘नांव ठेवणें’ आणि ‘नांवें ठेवणें’ यांत केवळ एका मात्रेचें व एका अनुस्वाराचें अंतर आहे. पण एकांत प्रेम आहे आणि दुसऱ्यांत निंदा. आपणही वर्गांत एकमेकांस टोपणनांवें देतों. कोणाच्या व्यंगावरून दिलेलें नांव हें पाहण्याचें फळ नव्हे, न पाहण्याचें आहे. कारण तें देणारानें त्या मुलाचें व्यंगच तेवढें पाहिलें, मूल पाहिलें नाहीं. घोड्याचा उमदेपणा पाहून त्याला पंचकल्याण म्हणणारा मोतद्दार अशा मुलाहून अधिक सुसंस्कृत म्हटला पाहिजे.

आतां पुन्हां सिद्धगडाकडे येऊं. पश्चिमेच्या ज्या माथेरानवर मोटारींस बंदी असल्यामुळें घोडा अद्यापि माणसांस वाहून नेतो, तेथें १९१२ सालीं विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. ते वकील झाले, गोरगरीब शेतकऱ्यांचे कैवारी झाले, १९४२ च्या आंदोलनांत त्यांनीं ‘आझाद दस्ता’ उभारला, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं हिराजी पाटील यांच्यासह सिद्धगडाच्या रानांत त्यांनीं प्राणार्पण केलें. त्यांचें पूर्ण नांव आज किती जणांस सांगतां येईल? परंतु ‘भाई कोतवाल’ म्हणतांच या तालुक्यांतील लहान मूलही मान वर करून पाहतें. घोड्यांच्या गोष्टींत हुतात्म्यांचें नांव लहान होईल, अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं. कारण लोकांच्या तोंडीं बसणाऱ्या नांवाचा न्याय सर्वत्र एकच आहे. राजाज्ञेनें, खर्चानें किंवा पुतळ्यानें तें मिळत नाहीं. लोक पाहतात, पारखतात, आणि मग एक लहानसा शब्द उच्चारतात. राजपुत्राला तो लाभला नाहीं. डोंगरांतल्या या वकिलाला लोकांनीं ‘भाई’ म्हटलें.